झडतीतले साहित्य

दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे कोकणात एक कार्यक्रम ठरलेला असतो. पंचांगात त्याची नोंद नाही. अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, की आखातातून रजेवर आलेल्या कोणा भावाची, मेहुण्याची, आतेबहिणीची बॅग माजघरात ओढून आणतात. मुले कडेने उकिडवी बसतात. वरची दोरी कापली जाते, चेन सरकते आणि साबण, अत्तर व नवे प्लास्टिक यांचा मिळून एक वास घरभर पसरतो. परंतु पहिली वस्तू बाहेर निघण्याआधी घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस विचारतेच, "काय गो, कस्टमात अडवले नाही ना?" मग वस्तू बाजूला राहतात आणि गोष्ट सुरू होते.

या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझ्या लहानपणी त्यांत टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर असत. पुढे मोबाईल आले. सोने मात्र सर्व काळ होते. सांगणारा माणूस एरवी चार वाक्येही सरळ न बोलणारा असो, कस्टमची गोष्ट सांगताना तो नट होतो. अधिकाऱ्याचा चष्मा, त्याची थंड नजर, "खोला" म्हणण्याची ढब, सगळे तो उभे करतो. कोठे थांबावे हेही त्याला कोणी शिकवावे लागत नाही. अधिकाऱ्याचा हात बॅगेच्या तळाशी गेला, असे म्हणून तो चहाचा घोट घेतो, आणि तेवढ्यात आमच्या आजीच्या तोंडचा लाडू तोंडातच राहतो.

असे जिवंत कथाद्रव्य ज्या घरांत दर वर्षी सांडते, त्या घरांतून आलेल्या आम्ही लेखकांनी त्याचे काय केले, हा या लेखाचा विषय आहे. 'साहित्य' या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, सामान आणि वाङ्मय. आणि विमानतळावरच्या झडतीत पहिल्याचे जे होते तेच आमच्या हातून दुसऱ्याचे झाले आहे. वरवर चाळले, काही भारी दिसले ते ठेवून घेतले आणि बाकीचे विस्कटून टाकले.

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी माणसाने स्वतःचा समाचार घ्यावा, हे बरे. मी पेशाने शाळेतला चित्रकलेचा मास्तर. शिक्षण दहावीपर्यंत, आणि वर चित्रकला शिक्षकाची पदविका. कादंबऱ्या लिहितो त्या शाळा सुटल्यावर. काही वर्षांपूर्वीच्या माझ्या एका कादंबरीत कुवेतहून अकरा वर्षांनी परतणारी एक विधवा आहे. विमानतळावर एक अधिकारी तिला अडवतो, खोलीत नेतो, तिच्या हातांतल्या बांगड्या उतरवतो, आणि ती धाय मोकलून रडते. हे प्रकरण वाचून डोळे भरून आले असे कळवणारी बरीच पत्रे आली. मी खूश होतो. कादंबरीकाराला वाचकाच्या डोळ्यांतले पाणी पगारवाढीसारखे वाटते.

मग एक पत्र आले त्यात पाणी नव्हते. लिहिणारे गृहस्थ सीमाशुल्क खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्याची बरीच वर्षे विमानतळावर काढलेले. त्यांनी प्रकरणाला शिवी दिली नाही. नुसत्या चुका मांडल्या, मी मुलांच्या चित्रवहीत मांडतो तशा. पहिली: स्त्रीची अंगझडती पुरुष अधिकारी घेत नाही; १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात तसे स्पष्ट बंधन आहे. दुसरी: ज्याची झडती घ्यायची त्याने मागणी केली तर त्याला आधी राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते; तुमच्या नायिकेला हा हक्क आहे हे तिला ठाऊक नसणे साहजिक आहे, पण तुम्हांला ठाऊक नाही असे दिसते. तिसरी: पारपत्रावर शिक्का मारणारा, सामानाची पेटी तपासणारा आणि विमानात चढण्याआधी अंग चाचपणारा हे तीन निरनिराळ्या खात्यांचे लोक आहेत, तुम्ही तिघांचा मिळून एक राक्षस केला आहे. चौथी चूक वाचून मी पत्र मिटून ठेवले. ते लिहीत होते, की तुमच्या अधिकाऱ्याला नाव नाही, भूक नाही, घर नाही; त्याला फक्त हात आहेत.

पहिल्या तीन चुका माहितीच्या होत्या. त्या मी ग्रंथालयात जाऊन दुरुस्त करू शकत होतो, आणि केल्याही. वाचकांपैकी ज्यांची मुले परदेशी जातात-येतात त्यांना उपयोग होईल म्हणून थोडे सांगतो. उतरल्यावर पहिली गाठ पडते ती पारपत्र तपासणाऱ्या इमिग्रेशनची. ते माणसाला तपासतात. मग पट्ट्यावरून बॅग उचलायची आणि कस्टमच्या दोन वाटांपैकी एक धरायची. हिरवी वाट म्हणजे 'माझ्याजवळ जकातीसारखे काही नाही' असे न बोलता केलेले विधान. लाल वाट म्हणजे 'आहे, पाहा' असे कबूल करणे. आपण कोणती वाट धरतो ही कायद्याच्या दृष्टीने आपली जबानीच असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रांग कमी दिसली म्हणून हिरव्या वाटेने गेलो, ही सबब तेथे चालत नाही. निघण्याच्या वेळी अंग चाचपतात ते औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. त्यांना तुमच्या सोन्याशी कर्तव्य नसते, चाकू आणि स्फोटके यांच्याशी असते.

कोणाला थांबवायचे हे काही सगळे नशिबावर नसते. प्रवाशांची यादी विमान उतरण्याआधीच हाती आलेली असते. तिकीट कोठून काढले, किती दिवसांत परतला, इतक्या लांबून येऊन एवढीच पिशवी का, असे प्रश्न त्या यादीलाच विचारले जातात. आणि बॅग पट्ट्यावर येण्याआधी क्ष-किरणांतून गेलेली असू शकते. संशय आला की खडूची फुली किंवा खूण तिच्यावर आधीच पडते. या यंत्राच्या पडद्यावरचे चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मास्तर म्हणून मोहून गेलो होतो. कापड, कागद, अन्न असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. जड धातू निळे. मधले सारे हिरवट. चिवड्याचा डबा भरला तर आत नारिंगी ढग आणि भोवती निळी रेघ. पितळेची समई पिशवीत असली तर रंगपेटीतली सगळ्यांत गडद निळी कांडी उभी केल्यासारखी दिसते. पडद्यासमोरचा माणूस दिवसभर अशी चित्रे वाचत असतो. तोही एक प्रकारचा समीक्षकच. फरक एवढाच, की त्याचा अभिप्राय चुकला तर कोणाचे विमान चुकते.

चौथी चूक मात्र ग्रंथालयात दुरुस्त होण्यासारखी नव्हती. म्हणून मी इतरांनी हा प्रसंग कसा हाताळला ते पाहू लागलो.

हिंदी चित्रपटांनी आम्हांला कस्टमचा काय संस्कार दिला ते आधी पाहावे. १९७५ चा 'दीवार' घ्या. सलीम-जावेद यांची पटकथा, यश चोप्रांचे दिग्दर्शन, अमिताभचा विजय. गोदीतला हमाल सोन्याच्या चोरट्या व्यापारात शिरतो आणि आमच्या वडिलांच्या पिढीचा नायक होतो. चित्रपट उत्तम आहे. मी तो किती वेळा पाहिला ते शाळेच्या मुख्याध्यापकांना कळू नये. पण त्या सोन्याचा अर्थ काय, हे चित्रपट गृहीत धरून चालतो, कारण त्या वेळच्या प्रेक्षकाला ते सांगावे लागत नव्हते. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरटपेक्षा शुद्ध दागिना घडवण्यास बंदी झाली, गावोगावचे सोनार भट्टी विझवून बसले. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. घरात मुलीचे लग्न आहे आणि बाजारात सोने नाही, अशा देशात समुद्रावरून सोने आणणारा माणूस निव्वळ गुन्हेगार कसा वाटणार? हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला, आणि १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना जकात भरून पाच किलोपर्यंत सोने उघडपणे आणण्याची मुभा मिळाली. काल ज्याने तुरुंग गाठला असता त्याने दोन वर्षांत पावती घेऊन टॅक्सी गाठली. एवढी मोठी कलाटणी. पण तिच्यावर लिहिलेली कथा माझ्या वाचनात नाही. चोरटा व्यापारी तेवढा कथेत आला. त्याच्यामागचे वजन-मापाचे आणि हुकुमांचे जग आले नाही. जकात घेणारा अधिकारी त्या काळच्या पडद्यावर बहुधा पैसे खाणारा तरी असे, नाहीतर गोळी खाणारा. अलीकडे तोही नायक होऊ लागला आहे, पण पिस्तूल घेऊन. साध्या बाईची साधी बॅग उघडणारा, तिसऱ्या पाळीला झोप आवरणारा माणूस दोन्हींकडे नाही.

परदेशी चित्रपटांत तो आहे का? स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा २००४ सालचा 'द टर्मिनल' पुष्कळांनी घरच्या पडद्यावर पाहिला असेल. एका कल्पित देशाचा नागरिक न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरतो, तेवढ्यात त्याच्या देशात उलथापालथ होते, पारपत्र निरर्थक ठरते, आणि तो ना बाहेर जाऊ शकतो ना परत. टॉम हँक्सचे काम मोठे गोड आहे. कल्पनेचे मूळ मात्र गोड नव्हते. इराणचे मेहरान करीमी नासेरी हे पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर १९८८ पासून २००६ पर्यंत राहिले, आणि २०२२ मध्ये त्याच विमानतळावर वारले. चित्रपटाने त्या अठरा वर्षांची साखर करून वाटली, अशी माझी तक्रार आहे. पण त्यातला एक प्रसंग माझ्या लेखाला फार जवळचा आहे. आजारी बापासाठी औषधे घेऊन चाललेला एक परका प्रवासी कागद नसल्यामुळे अडकतो. त्याची भाषा कोणाला येत नाही. नायकाला दुभाषा म्हणून बोलावतात, आणि नायक सांगतो की औषध बापासाठी नसून बकऱ्यासाठी आहे. कारण जनावराच्या औषधाला तो कागद लागत नाही. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. मीही टाळी वाजवली. पण नंतर मनात आले, की येथे सुटका कोणी केली? नियमाने नव्हे, अधिकाऱ्याच्या दयेनेही नव्हे. दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या भाषेने केली. आमच्या गावच्या बायका इंग्रजी अर्ज हाती घेऊन त्या मेजापुढे उभ्या राहतात तेव्हा त्यांना कोण दुभाषा? चित्रपटाने एका खोट्याने प्रश्न सोडवला, आणि म्हणून प्रश्न कोणता होता हे विसरायला लावले. मोठ्या दिग्दर्शकाची ही चलाखी आहे, आणि मला ती पुरती पसंत नाही.

याच्या उलट 'अपॉन एन्ट्री' हा २०२२ चा लहानसा स्पॅनिश चित्रपट. आलेहांद्रो रोहास आणि हुआन सेबास्तियान वास्केस या दोघांनी तो केला. बार्सिलोनाहून एक जोडपे अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी निघते. कागद सगळे चोख आहेत. नेवार्कच्या विमानतळावर त्यांना बाजूला घेतात आणि प्रश्न सुरू होतात. बहुतेक चित्रपट एवढाच: खोल्या, खुर्च्या आणि प्रश्न. कोणी कोणाला मारत नाही. पण प्रश्न विचारता विचारता नवऱ्याची एक जुनी गोष्ट बाहेर येते, जी बायकोला ठाऊक नव्हती: आधी एका अमेरिकन बाईशी लग्न करून तो तिकडे जाऊ पाहत होता. आता बायकोला प्रश्न पडतो, की मग मी कोण? बॅगेत काही सापडत नाही, संसारात सापडते. तपासणाऱ्यांचे काम चुकले असे म्हणता येत नाही, कारण खोटी लग्ने करून लोक देशात शिरतात हे खरेच आहे. आणि तरी जे मोडले ते भरून देण्याचा रकाना कोणत्याही अर्जावर नसतो. झडती जे शोधते ते सापडो न सापडो, जे शोधत नव्हती ते मात्र उघडे पडते. हे त्या दोघा दिग्दर्शकांना कळले, आणि मला एक अख्खी कादंबरी लिहून कळले नव्हते.

येथे कोणी विचारील, मास्तर, कस्टमवाल्यांना माणसाच्या आतले काय कळणार? त्याला उत्तर म्हणून एक जुना खटला सांगतो. तो विमानतळावरचा नाही, बंदरावरचा आहे, पण वर्गात मुलांना मी तो दर वर्षी सांगतो आणि चित्रकलेच्या तासाला कधी नव्हे ती शांतता होते.

१९२६ मध्ये ब्रांकूशी या रुमानियन शिल्पकाराचे 'अवकाशातील पक्षी' हे शिल्प न्यूयॉर्कला उतरले. ब्राँझचे, आरशासारखे घासलेले, उंच आणि निमुळते. चोच नाही, पंख नाहीत, पाय नाहीत. एडवर्ड स्टायकेन या छायाचित्रकाराने ते विकत घेतले होते. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात शिल्पकृतीला जकात माफ होती. पण कस्टमच्या अधिकाऱ्याला त्यात पक्षी दिसेना. त्याने ते धातूच्या वस्तूंत, स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयाची उपकरणे यांच्या पंक्तीला बसवले आणि चाळीस टक्के जकात लावली. प्रकरण न्यायालयात गेले. शिल्पकार आणि संग्रहालयाचे लोक साक्षीला आले. न्यायाधीशांनी स्टायकेनला विचारले, की हे तुम्हांला रानात दिसले असते तर तुम्ही यावर गोळी झाडली असती का? जेकब एप्स्टाइन या शिल्पकाराला विचारले गेले, की एखादा कुशल कारागीर असा दांडा घासून गुळगुळीत करू शकणार नाही का? तो म्हणाला, घासू शकेल. पण कल्पू शकणार नाही. १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल लागला तो शिल्पकाराच्या बाजूने. न्यायालयाने कबूल केले, की नव्या वळणाची कला निर्माण झाली आहे आणि ती आपल्याला रुचो न रुचो, तिचे अस्तित्व मानले पाहिजे.

या खटल्यात सगळे जण त्या अधिकाऱ्याला हसतात. मी हसत नाही. त्याच्यापुढे एक यादी होती. यादीत 'पक्षी' या सदराखाली काय येते हे त्याला शिकवले होते, आणि समोरची वस्तू त्यात बसत नव्हती. तो वाईट नव्हता, त्याची यादी जुनी होती. आणि मी? माझ्या यादीत 'कस्टम अधिकारी' या सदराखाली एक राक्षस होता, 'परतलेली विधवा' या सदराखाली अश्रू होते. समोर आलेली दोन माणसे मी त्या रकान्यांत कोंबली. जकात भरली ती वाचकांनी.

यादी जुनी झाली म्हणजे काय होते याचे आणखी जवळचे उदाहरण आपल्याकडे आहे. एक वर्षाहून अधिक परदेशी राहून परतणाऱ्या प्रवाशाला किती दागिने जकातीवाचून आणता येतील याचे २०१६ मध्ये नियम केले गेले. त्यांत पुरुषाला वीस ग्रॅम आणि किंमत पन्नास हजारांपर्यंत, स्त्रीला चाळीस ग्रॅम आणि किंमत एक लाखापर्यंत, अशा दुहेरी मर्यादा घातल्या होत्या. तेव्हा सोन्याचा भाव दहा ग्रॅमला तीस हजारांच्या आसपास. लाखात तेहतीस ग्रॅम बसत. वजन आणि किंमत एकमेकांशी साधारण बोलत होती. २०२५ मध्ये भाव दहा ग्रॅमला लाखावर गेला. तेव्हा त्याच लाखात पुरते दहा ग्रॅमही बसेनात. म्हणजे त्या वेळी एखादी बाई बारा ग्रॅमचे मंगळसूत्र घेऊन उतरली, तर वजनाच्या नियमाने ती निर्दोष ठरे आणि किमतीच्या नियमाने अपराधी. अशा वेळी मेजापलीकडच्या माणसाने काय करायचे होते? त्या सालीच मद्रास उच्च न्यायालयात एका प्रकरणाचा निकाल लागला. चेन्नई विमानतळावर एका नवविवाहित श्रीलंकन स्त्रीची थाळी, म्हणजे तिकडचे मंगळसूत्रच, उतरवून घेतली होती. न्यायालयाने ती परत करण्यास सांगितले. मला हे वाचून पहिल्यांदा बरे वाटले ते स्वार्थापोटी: पाहा, माझे प्रकरण अगदीच खोटे नव्हते! दुसऱ्या क्षणी लाज वाटली. एका बाईच्या गळ्यातले उतरले, आणि हा गृहस्थ आपल्या कादंबरीची अब्रू वाचली म्हणून समाधान मानतो.

आंब्याचे तर विचारूच नका. अमेरिकेत मुलीकडे जाताना पेटीत चार हापूस लपवून नेणाऱ्या आणि ते तेथल्या पिंपात फेकले गेले म्हणून वर्षभर त्या देशाला शिव्या देणाऱ्या आजी प्रत्येक आळीत एक तरी आहेत. पण आंब्याच्या कोयीत एक भुंगा असतो. तो तिकडच्या बागांत गेला तर काय, ही भीती त्या पिंपामागे आहे. म्हणूनच १९८९ पासून आपला आंबा त्या देशात बंद होता, आणि २००७ मध्ये तो पुन्हा गेला तो आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावी किरणांचा मारा करून घेतल्यावर. प्रवाशाच्या पिशवीतल्या आंब्याला ते किरण कोठून लागणार? आजींना हे सांगून पटत नाही, हा भाग निराळा. त्या म्हणतात, माझ्या आंब्यात भुंगा नव्हता, मी पाहून घेतला होता.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. माझ्या कादंबरीतली ती विधवा हवेतून आली नव्हती. ती माझी आतेबहीण. कुवेतला एका घरी अकरा वर्षे स्वयंपाक आणि मुले सांभाळण्याचे काम करून ती परतली तेव्हा तिला खरोखरच तपासणीसाठी थांबवले होते. कोणत्या विमानतळावर ते लिहीत नाही. तिने मला तेव्हा त्रोटक सांगितले होते, आणि उरलेले मी माझ्या मनाने भरले. कादंबरी तिने वाचली नव्हती. निवृत्त अधिकाऱ्यांचे पत्र आल्यानंतर ती मी तिला नेऊन दिली. चार दिवसांनी गेलो तर ती अंगणात चकल्यांचे पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, तू मला फार रडवलेस रे. मी नव्हते रडले तिथे."

मग तिने जे सांगितले ते तिच्या परवानगीने येथे लिहितो. तिला खोलीत नेले ते दोन बायकांनी. त्यांतली एक वयाने लहान होती, तिचे पाय सुजलेले होते, आणि मधूनमधून ती खिशातल्या पुड्यातले बिस्कीट मोडून तोंडात टाकीत होती. बांगड्या तिने उतरवल्या नाहीत. ताईने स्वतः काढून दिल्या, त्यांचे वजन झाले, त्या परत हातात आल्या. कागद इंग्रजी होता. कोठे सही करायची ते त्याच मुलीने बोट ठेवून दाखवले. "त्यात काय रडायचे?" ताई म्हणाली. "तिला भूक लागली होती. माझ्याजवळ खजूर होते, ते द्यावे असे आले मनात. पण म्हटले, लाच देते असे वाटायचे."

मग दुखले काय? ती बराच वेळ काही बोलली नाही. दुखले ते त्यानंतर. बॅग बाहेर, लांब पोलादी मेजावर उघडली. मागे रांग होती, रांगेत आमच्याच तालुक्यातले दोघे. बॅगेतून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली: मालकिणीने वापरून दिलेल्या अत्तराच्या अर्ध्या बाटल्या, मुलांचे तोकडे झालेले कपडे, एकदाच वापरलेले साबण पुन्हा नीट कागदात गुंडाळलेले, कडा गेलेले सहा पेले. अकरा वर्षे गावाने तिच्या बॅगा उघडताना पाहिल्या होत्या आणि सगळे नवे, विकत घेतलेले असे समजून घेतले होते. तिनेही समजू दिले होते. पगार भावाच्या घराला, भाच्याच्या शिक्षणाला लागत होता. विकत घेणार कशातून? अधिकाऱ्याला त्या अर्ध्या बाटल्यांत काही गैर दिसले नाही. त्याने त्या झाकण लावून परत ठेवल्या, "जा" म्हणाला. कायद्याने तिच्यावर काही ठेवले नाही. पण रांगेतल्या दोघांनी पाहिले होते. त्या वर्षी माजघरात बॅग उघडायच्या आधीच गावाला कळले होते, आणि आम्हीच, घरचे, कौतुकाने हात पुढे करणारे, त्या दिवशी अत्तराची बाटली उचलून उजेडात धरून किती भरली आहे ते पाहत होतो. मीही पाहिले होते. ते मला आठवते.

हे सगळे माझ्या कादंबरीत नाही. तेथे बांगड्या आहेत, राक्षस आहे, हुंदके आहेत. अर्धी बाटली नाही. टीकाकार म्हणून मला त्या प्रकरणाविषयी जे म्हणायचे ते एवढेच, की लेखकाने झडती घेतली, पण लपवलेले सापडले नाही. कारण ते त्याच्याच घरी होते.

दुसऱ्या आवृत्तीचा योग आला तेव्हा मी ते प्रकरण पुन्हा लिहिले. प्रकाशकांनी कुरकुर केली, लोकांना पहिले आवडले होते, असे म्हणाले, आणि त्यांचे खरेही होते. पूर्वीचे प्रकरण सोळा पानांचे होते, आताचे सहा. ताईला वाचून दाखवले. तिने पेल्यांची संख्या दुरुस्त केली: सहा नव्हेत, पाच; सहावा विमानात फुटला होता. निवृत्त अधिकाऱ्यांनाही एक प्रत पाठवली. त्यांचे पोस्टकार्ड आले. अक्षर पूर्वीसारखेच नीटनेटके. लिहिले होते, की प्रकरण वाचले, ठीक आहे. मात्र बॅग परत भरून द्यायला कोणी मदत केली की बाईंनी एकटीनेच भरली, ते आपण लिहिलेले नाही.

मी ताईला विचारले. म्हणाली, एकटीनेच.